वादळ निघून जाते, सेवेकरी मागे राहतो

नोव्हेंबर २०१३मध्ये फिलिपिन्सच्या लेते बेटावर आलेल्या महाभयंकर वादळाच्या बातम्या महिन्याभरात वृत्तपत्रांतून ओसरल्या. तिथल्या फादर-सिस्टरांचे काम मात्र त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाले. दुसऱ्यांची घरे उभी करताना स्वतःचे शरीरच खचू लागले, तर सेवेकऱ्याने काय करावे? या जुन्या प्रश्नाचा हा मागोवा.

‘टायफून’ हा शब्द मराठी कानांना तसा परका नाही. आपण ज्याला तुफान म्हणतो तोच अरबी-फारसी शब्द पोर्तुगीज खलाशांनी पूर्वेच्या समुद्रात नेला. तिथे तो चिनी भाषेतल्या ‘मोठा वारा’ या अर्थाच्या शब्दाशी मिसळला आणि पुढे इंग्रजीत ‘टायफून’ होऊन बसला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. या तुफानाचा मार ज्यांना सतत सोसावा लागतो ती फिलिपिन्समधली माणसे मात्र त्याला ‘बाग्यो’ म्हणतात. त्यांच्या देशाच्या हद्दीत वर्षाला सरासरी वीस वादळे येतात आणि त्यांतली आठ-नऊ प्रत्यक्ष किनारा ओलांडून जमिनीवर चढतात. आपण पावसाळा जसा गृहीत धरतो, तसा तिथला कोळी आणि शेतकरी बाग्यो गृहीत धरतो.

पण ८ नोव्हेंबर २०१३च्या पहाटे जे आले ते कुणीच गृहीत धरलेले नव्हते. पूर्व सामार प्रांतातल्या गिवान गावाजवळ वादळ किनाऱ्याला लागले. जगाने त्याला ‘हैयान’ हे नाव दिले होते, फिलिपिन्सने ‘योलांडा’. अमेरिकी वादळ केंद्राच्या अंदाजाप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी ३१५ किलोमीटर होता. थोड्याच वेळात ते शेजारच्या लेते बेटावर, सव्वादोन लाख वस्तीच्या ताक्लोबान शहरावर चालून गेले. छपरे वाऱ्याने नेली. माणसे मात्र पाण्याने नेली. खाडीतला समुद्र पाच-सहा मीटर उंच होऊन शहरात घुसला. सरकारी मोजणीनुसार ६ हजार ३०० माणसे दगावली, हजारावर बेपत्ता झाली. पडलेल्या आणि मोडलेल्या घरांचा आकडा अकरा लाखांच्या पुढे गेला.

या पाण्याचा इशारा मिळाला नव्हता असे नाही. हवामान खात्याने ‘स्टॉर्म सर्ज’ येईल, असे सांगितले होते. पण हे दोन इंग्रजी शब्द लोकांच्या घरात शिरलेच नाहीत. वाचलेल्यांपैकी अनेकांनी नंतर सांगितले, की ‘त्सुनामी’ म्हटले असते तर आम्ही पळालो असतो. शास्त्राच्या दृष्टीने तो शब्द चुकीचा ठरला असता. पण जीव वाचवणारा शब्द तोच होता. लोकांची भाषा कळणे म्हणजे काय, याचा इतका कडवट धडा दुसरा नसेल.

विसरलेली लाट

आणि ही लाट काही पहिली नव्हती. याच सामार आणि लेतेच्या किनाऱ्यावर १२ व १३ ऑक्टोबर १८९७ रोजी असेच वादळ आले होते आणि असाच समुद्र गावांत शिरला होता. त्याची तपशीलवार नोंद करून १८९८मध्ये मनिलात पुस्तक काढणारा माणूस होता एक मिशनरी, फादर होसे अल्गे. जेझुइट संघाचा हा पाद्री मनिला वेधशाळेत काम करी. ही वेधशाळा जेझुइटांनीच १८६५मध्ये उभारलेली. अल्गेंच्या आधी तिथे फादर फेदेरिको फाउरा होते. जुलै १८७९मध्ये त्यांनी येणाऱ्या वादळाचा इशारा दिला, तो फिलिपिन्समधला पहिला मानला जातो. पुढे लोकांना घरच्या घरी, बंदरात आणि जहाजावर वापरता येईल असे एक वायुभारमापकही त्यांनी तयार केले. जानेवारी १८९७मध्ये फाउरा वारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लेतेवर ही लाट आली.

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हातात धर्मपुस्तक घेतलेला माणूस येतो. वायुभारमापकातल्या पाऱ्याकडे रात्रभर डोळे लावून बसलेला पाद्री आपल्या कल्पनेत सहसा नसतो. पण फिलिपिन्समध्ये वादळ आणि मिशनरी यांची गाठ फार जुनी आहे. जेझुइट लेते बेटावर पोहोचले ते १५९५मध्ये. त्याच सुमारास मनिलाच्या वाटेने गेलेला एक माणूस तर आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बाप आणि इथल्याच मातीतली आई असलेला मुलगा. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, मकावमध्ये व्यापार केला, आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३मध्ये दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानात गेला. तीन वर्षांनी, १५९६मध्ये, मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळांत सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातल्या मालावरून वाद पेटला, राज्यकर्त्या हिदेयोशीच्या मनात परदेशी पाद्र्यांविषयी संशय बळावला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत वसईचा गोन्सालो होता. १८६२मध्ये त्याला संतपद मिळाले. एका तुफानाचा धागा असा वसईपर्यंत येऊन पोहोचतो.

अल्गेंचे पुस्तक ग्रंथालयात राहिले. किनाऱ्यावरच्या घरांत त्याची आठवण राहिली नाही. ११६ वर्षांनी तीच लाट आली तेव्हा लोकांना ती नवी वाटली.

छप्पर नसलेली प्रार्थना

योलांडानंतरच्या पहिल्या आठवड्यांत लेतेमधली चर्चे ही एकाच वेळी धर्मशाळा, दवाखाना, कोठार आणि स्मशान झाली. ताक्लोबानमधल्या रिडेम्प्टरिस्ट संघाच्या चर्चमध्ये शेकडो बेघरांनी मुक्काम ठोकला. बाकांवर माणसे झोपत, बाकांच्या मधल्या जागेत चुली पेटत. शेजारच्या पालो गावातल्या कॅथेड्रलचे छप्पर वाऱ्याने उचलून नेले. त्याच पालोतल्या सान होआकिन वस्तीत चर्चपुढच्या अंगणातच सामुदायिक दफन करावे लागले, कारण दफनभूमीपर्यंत प्रेते नेण्याची सोय नव्हती आणि वेळही नव्हता. पुढे तिथे ओळीने पांढरे क्रूस उभे राहिले. रविवारी प्रार्थनेला येणारा प्रत्येक जण त्या क्रुसांमधून वाट काढत आत जाई.

फिलिपिन्समध्ये नाताळच्या आधी नऊ दिवस, १६ ते २४ डिसेंबर, पहाटे अंधारात प्रार्थना होते. ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात तिला. त्या वर्षीही ती झाली. कुठे ताडपत्रीखाली, कुठे उघड्या आभाळाखाली. पाऊस आला की लोक भिजत उभे राहत. हे श्रद्धेचे दृश्य म्हणून छायाचित्रांत छान दिसते. पण जो फादर ती प्रार्थना सांगत होता त्याचे स्वतःचे घर पडलेले, बहीण-भाऊ छावणीत, आणि दिवसभर दफनविधी आणि तांदळाच्या रांगा यांत गेलेला, ही बाब छायाचित्रात येत नाही. तिथले बहुतेक धर्मगुरू आणि सिस्टर्स बाहेरून मदतीला आलेल्या नव्हत्या. त्या स्वतःच वादळग्रस्त होत्या. सांत्वन करणारा आणि सांत्वनाची गरज असणारा, ही दोन माणसे एकाच झग्यात होती.

जाणारे आणि राहणारे

बाहेरून आलेल्यांचीही कथा आहे. मॉर्मन पंथाचे दोनशेवर तरुण-तरुणी त्या वेळी ताक्लोबानच्या मिशनमध्ये होते. विशीच्या आसपासची ही मुले, घरापासून हजारो मैल दूर. सगळी वाचली आणि काही दिवसांतच त्यांना तिथून हलवून मनिलाला नेण्यात आले. त्यांच्या संस्थेची सभागृहेही स्थानिक लोकांना आसऱ्यासाठी उघडलेली होती. मुलांना हलवण्याचा निर्णय योग्यच होता. अन्नपाणी नसलेल्या शहरात दोनशे तोंडे वाढवून कुणाचे भले होणार होते? काही महिन्यांनी मिशनचे काम पुन्हा सुरू झाले. पण त्या वेळी बंदोबस्ताच्या विमानतळावर दोन रांगा होत्या, एक निघणाऱ्यांची आणि एक निघू न शकणाऱ्यांची. संकटकाळी परत जायला घर असणे, ही केवढी मोठी मालमत्ता आहे!

तैवानच्या ‘त्झू ची’ या बौद्ध संस्थेने आणखी वेगळी वाट धरली. त्यांनी ताक्लोबानच्या लोकांनाच आपापल्या गल्ल्यांतला ढिगारा उपसायला लावले आणि त्यासाठी दिवसाला ५०० पेसो रोख दिले. शहर साफ झाले, हातात पैसा आल्यामुळे दुकाने उघडली, आणि मुख्य म्हणजे माणसांना सुन्नपणे बसून राहण्याऐवजी काही तरी करायला मिळाले. कॅथलिक शहरात बौद्धांनी केलेले हे काम लोक आजही काढतात.

मिशनऱ्यांच्या मदतीविषयी एक शंका आपल्याकडे नेहमी घेतली जाते. तांदळाच्या पिशवीबरोबर धर्मही येतो काय? शंका निराधार नाही. म्हणूनच रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४मध्ये जी आचारसंहिता केली, तिच्यात मदत कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रचारासाठी वापरू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. फिलिपिन्समध्ये तर दहापैकी जवळपास आठ माणसे आधीच कॅथलिक आहेत. तिथे चढाओढ असते ती ख्रिस्ती पंथांची आपापसांत. मिशनरी कोणत्या पंथाचा, याचा हिशेब पहिल्या महिन्यात सगळे ठेवतात. तिसऱ्या वर्षी लोक एवढेच पाहतात, की तो अजून इथे आहे की गेला.

शरीराचे गाऱ्हाणे

राहणाऱ्याच्या दिवसाची कल्पना करून पाहा. पहाटे प्रार्थना. मग पत्र्यांचा ट्रक आला का ते पाहणे. कुणाला किती पत्रे, किती खिळे, कुणाचे नाव यादीतून सुटले, यावरची भांडणे सोडवणे. दुपारी चिखल तुडवत वस्तीवर जाणे. संध्याकाळी आजाऱ्याच्या उशाशी बसणे. रात्री देणगीदारांना हिशेब पाठवणे. आठवडेच्या आठवडे वीज नाही, पंखा नाही, शांत झोप नाही. हे एक महिना कुणीही करील. दोन वर्षे करताना शरीर बिल मागू लागते.

पहिला धोका साचलेल्या पाण्याचा. लेप्टोस्पायरोसिस हे नाव मुंबईकरांना २६ जुलै २००५च्या प्रलयानंतर चांगलेच पाठ झाले. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या एखाद्या लहानशा ओरखड्यातून तो जंतू आत शिरतो. मोडक्या पत्र्यांच्या आणि खिळ्यांच्या ढिगाऱ्यात धनुर्वाताची भीती. डबक्यांतल्या डासांचा डेंग्यू. लेतेमध्ये यात आणखी एकाची भर पडते. तिथल्या भातखाचरांत आणि ओढ्यांत एक बारीक गोगलगाय असते. तिच्या अंगातून बाहेर पडणारी अळी पाण्यात उभ्या माणसाची कातडी भेदून आत जाते आणि पुढे यकृत पोखरते. शिस्टोसोमियासिस हे त्या रोगाचे नाव. १९४४मध्ये लेतेवर उतरलेल्या अमेरिकी सैनिकांनाही त्याने गाठले होते. त्यावर गोळ्या आहेत. पण ताप येतो तो आठवड्यांनी, आणि तोवर माणूस पुन्हा त्याच पाण्यात उतरलेला असतो.

पण खरा गनीम या रोगांहून साधा असतो. वादळानंतर दवाखान्यांपुढे ज्या रांगा लागतात त्यांत जखमींच्या पाठोपाठ जुने रोगी येतात: रक्तदाबाचे, मधुमेहाचे, दम्याचे. त्यांच्या गोळ्या वाहून गेलेल्या असतात. न उघडलेले इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते, आणि शीतकपाट तर बंद. पन्नाशी-साठीतला मिशनरी स्वतःही याच रोग्यांतला एक असतो. फरक एवढाच, की तो रांगेत उभा राहत नाही. गोळ्यांचा खोका आला की आधी लोकांना वाटतो आणि आपली मात्रा उद्यावर टाकतो. रक्तदाब वाढला आहे हे त्याला माहीत असते. मोजत नाही, कारण मोजला तर विश्रांती घ्यावी लागेल.

परदेशी मिशनरी मायदेशीच्या मंडळींना नियमाने पत्रे लिहितात. फार जुनी चाल आहे ही. त्या पत्रांवरच वर्गणी गोळा होते. अशा पत्रांचा एक साचा असतो. छपरे किती झाली, विहीर किती खोल गेली, शाळेत किती मुले आली, हे सारे सविस्तर. स्वतःविषयी मात्र शेवटी एक ओळ: पाठ थोडी दुखते, प्रार्थनेत आठवण असू द्या. त्या एका ओळीत कधी सरकलेला मणका असतो, कधी न बरी होणारी जखम, कधी महिनोन्‌महिने न लागलेली झोप. मनाच्या आजाराला तर एक ओळही मिळत नाही. शेकडो प्रेते पुरलेल्या माणसाला रात्री दचकून जाग येते, पाऊस पत्र्यावर वाजला की छाती धडधडते, हे तो कुणाला सांगणार? ज्याने धीर द्यायचा त्यानेच धीर सुटल्याचे कबूल करणे, ही त्याला लाज वाटते. श्रद्धा कमी पडली असा त्याचा अर्थ होईल, अशी भीती वाटते.

एक बेट, दोन माणसे

ही लाज येते कुठून? तिचे मूळ एका आदर्शात आहे, आणि तो आदर्श पाहायचा तर याच पॅसिफिक महासागरातल्या दुसऱ्या बेटावर, हवाईच्या मोलोकाईवर जावे लागेल. तिथे १८६६पासून कुष्ठरोग्यांना नेऊन सोडले जाई. बेल्जियमचा तरुण पाद्री फादर डेमियन मे १८७३मध्ये तिथे पोहोचला. १८७४च्या अखेरीस दक्षिणेकडून आलेल्या ‘कोना’ वाऱ्यांच्या वादळाने रोग्यांची आधीच कुजत आलेली झोपडी-खोपटी आडवी केली. डेमियनच्या अंगात सुतारकी होती. सरकारकडे लाकडासाठी तगादा लावून, ज्यांच्या हातांत अजून बळ होते अशा रोग्यांना बरोबर घेऊन, त्याने एकेक करून नवी घरे उभी केली. आज ज्याला आपण पुनर्वसन म्हणतो ते हेच.

रोग्यांच्या ताटात तो जेवला, त्यांच्या चिलमीचा झुरका त्याने घेतला. १८८४च्या अखेरीस एकदा उकळते पाणी पायावर सांडले आणि त्याला काहीच जाणवले नाही. रोग अंगात आला होता. तरीही तो बांधकाम करीत राहिला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी गेला. जगाने त्याला डोक्यावर घेतले, २००९मध्ये तो संत झाला. स्वतःला जाळून घेणारा सेवक ही प्रतिमा तेव्हापासून पक्की झाली.

पण त्याच बेटावर आणखी एक माणूस होते, आणि त्यांचे नाव आपल्या फारसे कानावर नसते. मदर मारियान कोप या न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या फ्रान्सिस्कन सिस्टर. इस्पितळ चालवण्याचा त्यांना दांडगा अनुभव. १८८३मध्ये त्या हवाईत आल्या आणि डेमियनच्या अखेरच्या महिन्यांत, नोव्हेंबर १८८८मध्ये, मोलोकाईवर पोहोचल्या. आपल्यापैकी कुणालाही हा रोग होणार नाही, असे त्यांनी आपल्या सिस्टर्सना सांगितले होते. त्यासाठी हात धुण्याचा, स्वच्छतेचा नियम त्यांनी कसोशीने पाळला आणि पाळायला लावला. त्यांनी रोग्यांची जखम धुतली, मुलींना शिवण शिकवले, बागा केल्या. मोलोकाईवर त्यांनी जवळजवळ तीस वर्षे काढली. ऑगस्ट १९१८मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्या वारल्या. कुष्ठरोग त्यांना झाला नव्हता, त्यांच्या कुणा सिस्टरलाही नाही. २०१२मध्ये त्याही संत ठरल्या.

डेमियनला सोळा वर्षे मिळाली, मारियानना तीस. यात डेमियनला उणे लेखण्याचा हेतू नाही. त्याने जे उभे केले त्यावरच पुढच्यांनी काम केले. पण कथा सांगताना आपण डेमियनची सांगतो आणि मारियानची विसरतो, यात आपल्या मनाचा एक दोष दिसतो. साबणाने हात धुणाऱ्या संतापेक्षा झिजून मरणारा संत आपल्याला जास्त भावतो. आणि मग ताक्लोबानमधल्या मधुमेही फादरला आपल्या गोळ्या वेळेवर घेण्याचा संकोच वाटू लागतो.

थांबायला शिकणे

सुदैवाने हे चित्र आता बदलते आहे. प्रॉटेस्टंट मिशन संस्थांनी नव्वदीच्या दशकात आपले लोक अकाली का परततात याचा अनेक देशांत मिळून अभ्यास केला. १९९७मध्ये त्यावर जे पुस्तक निघाले त्याच्या नावाचाच अर्थ असा, की ही माणसे गमावणे परवडणारे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये संकटग्रस्तांना मानसिक प्रथमोपचार कसे द्यावेत याची पुस्तिका काढली. तिच्यातही एक प्रकरण मदत करणाऱ्याने स्वतःची आणि सहकाऱ्यांची काळजी कशी घ्यावी, यावर आहे. कामाचे तास ठरवावेत, झोपावे, जेवावे, एकमेकांची विचारपूस करावी, आणि सगळे आपणच सोडवू शकत नाही हे मान्य करावे. वाचताना वाटते, हे तर आपल्याकडची कुठलीही आजी सांगेल! पण सेवेच्या नशेत असलेल्या माणसाला आजीचे ऐकू येत नाही. ते नियमात लिहावे लागते.

नियमात लिहिले तरी एक प्रश्न उरतोच. सुट्टी घेऊन मायदेशी उपचाराला जाणे परदेशी मिशनऱ्याला शक्य असते. पालोच्या गावातली सिस्टर कुठे जाणार? तिचा मायदेश तोच, छावणीही तीच. म्हणून खरी काळजी घ्यायची तर ती तिथेच घेतली पाहिजे. दुसऱ्या प्रांतातून महिन्याभरासाठी कुणी बदली यावे, तांदळाच्या हिशेबाला वेगळा माणूस मिळावा, तिचा रक्तदाब मोजायला कुणी तरी हक्काने घरी यावे. देणगी देणारे पत्र्यांसाठी आनंदाने पैसे देतात, कारण पत्रा छायाचित्रात दिसतो. सिस्टरच्या विश्रांतीचा खर्च उचलायला फारसे कुणी पुढे होत नाही.

१७ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ताक्लोबानला आले. त्या दिवशीही एक वादळ किनाऱ्याकडे सरकत होते. ७८ वर्षांचा, तरुणपणी फुप्फुसाचा काही भाग काढून टाकावा लागलेला हा माणूस विमानतळावर, भर पावसात, लोकांसारखाच स्वस्तातला पिवळा रेनकोट घालून उभा राहिला. लिहून आणलेले प्रवचन त्यांनी बाजूला ठेवले. ज्यांनी घरातली माणसे गमावली त्यांना सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत, अशा अर्थाचे ते बोलले. वाऱ्यामुळे दौरा काही तास आधीच आवरावा लागला. त्याच वाऱ्यात कोसळलेल्या सांगाड्याखाली एका स्वयंसेविकेचा जीव गेला. फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले. ताक्लोबानमध्ये त्यांची आठवण निघते ती कबुली दिलेल्या त्या असहायतेसाठी. ज्याने धीर द्यायचा त्याने ‘माझ्यापाशी शब्द नाहीत’ म्हटले, आणि त्याने कुणाची श्रद्धा कमी झाली नाही. आपल्या दुखऱ्या पाठीविषयी एका ओळीपेक्षा अधिक लिहायला संकोचणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याने हे लक्षात ठेवावे.

कारण काम लांबचे आहे. योलांडाने सव्वातीन कोटींहून अधिक माडांची नासधूस केली. कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको, की माड हे झाड नसते, ते घरातले कमावते माणूस असते. नवे रोप लावले तर गावठी माडाला नारळ धरायला सहा-आठ वर्षे लागतात. २०१४मध्ये लावलेले रोप फळाला येते न येते तोच डिसेंबर २०२१मध्ये ‘ओडेट’ हे वादळ दक्षिण लेतेवरून गेले आणि फिलिपिन्समध्ये चारशेवर माणसे दगावली. पुढच्याच एप्रिलमध्ये ‘अगातोन’च्या पावसाने लेतेतल्या बायबाय आणि अबुयोगच्या डोंगरकडा घरांवर कोसळल्या. एका वादळाची डागडुजी पुरी होण्याआधी दुसरे दारात उभे असते.

अशा ठिकाणी पहिल्या रात्री पाण्यात उडी घेणारा लागतोच. पण त्याहून जास्त लागतो तो आठव्या वर्षीही हातात कुदळ धरू शकणारा. त्यासाठी त्याने वेळेवर जेवायला हवे, झोपायला हवे, आपली गोळी आपण घ्यायला हवी आणि दुखले तर दुखते म्हणायला हवे. लावलेल्या माडाला नारळ धरेपर्यंत लावणाऱ्याने टिकून राहणे, ही सेवेबाहेरची गोष्ट नव्हे. ती सेवाच आहे.